डाएट संपल्यावर खाणे वाढवायचे कसे: एकदम, हळूहळू की न मोजता?

ठरवलेले वजन गाठले, व्यायाम नियमित चालू आहे आणि आता वजन आणखी खाली न जाता आहे तिथेच राहावे, या टप्प्यावर आलेल्या माणसाला कमी कसे खावे हे नीट जमलेले असते; पुरेसे म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगितलेले नसते. इथून पुढे जाण्याचे तीन मार्ग प्रचारात आहेत. पहिल्यात वजन स्थिर ठेवणाऱ्या, म्हणजे ज्याला मेंटेनन्स म्हणतात त्या आकड्यावर एकदम जायचे असते. दुसऱ्यात दर आठवड्याला 50 ते 100 कॅलरी वाढवत तिथे पोचायचे असते. याला रिव्हर्स डाएट म्हणतात. तिसऱ्यात मोजमाप सोडून भूक आणि वजनकाटा यांच्या भरवशावर राहायचे असते. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, पण तो सगळ्यांच्या स्वभावाला झेपणारा नाही, आणि इथे स्वभावाचा प्रश्न गणिताइतकाच मोठा आहे.

कोणताही मार्ग घेतला तरी आधी आकडा हवा, आणि तो सूत्रातून काढण्यापेक्षा रोजचे खाणे आणि वजन लिहिलेल्या स्वतःच्या वहीतून काढलेला बरा. उदाहरणादाखल 68 किलो वजनाची, 165 सेंटिमीटर उंचीची, 38 वर्षांची एक स्त्री घेऊ. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आजही सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राप्रमाणे तिच्या शरीराला विश्रांतीच्या अवस्थेत सुमारे 1360 कॅलरी लागतात, आणि मध्यम व्यायामासाठीचा 1.55 हा गुणक लावला की दिवसाची गरज 2100 च्या आसपास येते. आता तिची वही पाहू. गेला महिनाभर ती रोज सरासरी 1500 कॅलरी खात होती आणि आठवड्याला सरासरी 300 ग्रॅम वजन घटत होते. एक किलो चरबीत ढोबळमानाने 7700 कॅलरी धरल्या, तर रोजची तूट, म्हणजे खर्चापेक्षा कमी खाल्लेल्या कॅलरी, 330 होते, म्हणजे तिचा खरा मेंटेनन्स 1830 च्या जवळपास आहे. सूत्र आणि वही यांत पावणेतीनशे कॅलरींचा फरक पडला.

हा फरक पडण्याची कारणे अनेक आहेत. सूत्र सरासरी माणसासाठी असते. शिवाय वजन उतरलेले शरीर काटकसर शिकते. किमान 10 टक्के वजन घटवलेल्या लोकांचा ऊर्जाखर्च केवळ शरीर लहान झाल्यामुळे जेवढा कमी व्हायला हवा त्याहून अधिक कमी होतो, असे 1995 मध्ये संशोधक लायबेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. तिसरे कारण साधे आहे: खाल्लेले सगळे वहीत उतरत नाही. कढईत पडलेला तेलाचा जास्तीचा मोठा चमचा 120 कॅलरींचा असतो आणि तो कोणी लिहीत नाही. पण वहीची खुबी अशी की त्या स्त्रीने 1700 खाऊन 1500 लिहिले असले, तरी तिचे उत्तर बिघडत नाही, कारण पुढेही ती त्याच वाकड्या मापाने मोजणार आहे. त्यामुळे किमान तीन-चार आठवड्यांची नोंद असेल तर सूत्र बाजूला ठेवावे. नोंद नसेल तरच सूत्र वापरावे आणि त्यातून शे-दीडशे वजा करून सुरुवात करावी.

आता एकदम वाढवण्याचा मार्ग. याचा फायदा उघड आहे: तूट त्याच दिवशी संपते, व्यायामाला लागणारे बळ काही दिवसांत परत येते, झोप आणि चिडचिड यांतही सहसा सुधारणा दिसते. वाढ दिसायला किरकोळ असते, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. एक मध्यम केळे आणि 30 ग्रॅम बदाम मिळून साधारण 280 कॅलरी होतात, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या स्त्रीची जवळजवळ सगळी वाढ तेवढ्यातच भागते. डाएट संपले म्हणजे जुने ताट परत आले, असा अर्थ घेणाऱ्यांचे वजन वाढते ते याच गैरसमजापोटी.

या मार्गाची खरी अडचण पहिल्या दोन आठवड्यांत वजनकाट्यावर दिसते. समजा, सोमवारी खाणे वाढवले आणि शुक्रवारी सकाळी काटा 1.4 किलो वर गेला. ही चरबी असती, तर त्यासाठी चार दिवसांत मेंटेनन्सपेक्षा जवळपास 10,800 कॅलरी जास्त, म्हणजे रोज 2700 जादा खायला हव्या होत्या, आणि प्रत्यक्षात तर ती जेमतेम मेंटेनन्सवर पोचली आहे. मग हे वजन कसले? कर्बोदके वाढली की स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, रिकामा झालेला साठा भरतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. त्यात मीठ वाढल्याने थांबलेले पाणी आणि आतड्यातले जास्तीचे अन्न यांची भर पडते. हे एकदाच वाढते आणि थांबते. ज्याला हे गणित पाठ असूनही शुक्रवारचा आकडा पाहून शनिवारी उपाशी राहावेसे वाटेल, त्याने हा मार्ग न घेतलेलाच बरा.

अशा माणसासाठी दुसरा मार्ग आहे. दर आठवड्याला 50 कॅलरी वाढवल्या तर काट्यावरची उडी पसरून बारीक होते, मन धास्तावत नाही आणि नव्या ताटाची सवय होते. मात्र याची किंमत क्वचित सांगितली जाते. वरच्या उदाहरणात 1500 वरून 1830 वर जायला सात आठवडे लागतात, आणि त्या काळात तूट चालूच असल्याने आणखी पाऊण ते एक किलो वजन उतरते. ज्याला आणखी उतरायचेच नव्हते, किंवा जो थकला आहे म्हणून थांबतो आहे, त्याच्यासाठी हे डाएटच लांबवणे झाले. हळूहळू वाढवल्याने चयापचय वेगवान होते आणि शेवटी जास्त खाऊनही वजन टिकते, हा दावा जिममध्ये ठामपणे केला जातो; तो मला पटत नाही. खाणे वाढले की माणसाची हालचाल वाढते आणि खर्चही थोडा वाढतो, पण ते तर एकदम वाढवल्यावरही होते. या मार्गाचा आधार घ्यायचाच असेल तर आठवड्याला 100 ची पायरी घ्यावी. महिन्याच्या आत काम होते.

न मोजता खाण्याचा मार्ग सर्वांत मोकळा आणि दीर्घकाळासाठी सर्वांत सुखाचा आहे, पण डाएट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तो धरणे मला घाईचे वाटते. 2011 मध्ये सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, वजन घटवल्यानंतर वर्षभरानेही भुकेशी संबंधित संप्रेरके पूर्ववत झालेली नव्हती. म्हणजे बरेच वजन उतरवलेल्याची भूक काही काळ गरजेपेक्षा जास्त मागते. उलट पाच-सहा किलोच उतरवलेल्या आणि दमवणारा व्यायाम करणाऱ्या माणसात कठीण सरावानंतर भूक मरते आणि तो नकळत कमी खात राहतो. म्हणून दोन-तीन महिने मोजून, ताटाचा आकार डोळ्यांत बसल्यावर मोजणे सोडावे, आणि तेव्हाही वजनकाटा सोडू नये. अमेरिकेत 1994 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्रीत मोठे वजन घटवून ते वर्षभर तरी टिकवलेल्यांची नोंद आहे, आणि त्यांतले बहुतेक जण आठवड्यातून किमान एकदा वजन करतात.

काटा वाचायची पद्धत तिन्ही मार्गांना सारखीच आहे. रोज सकाळी वजन करावे, पण निर्णय सात दिवसांच्या सरासरीवर घ्यावा. मेंटेनन्सवर पोचल्यावर पहिले दोन आठवडे कोणताही बदल करू नये. त्यानंतरची सरासरी सलग दोन-तीन आठवडे चढत असेल तर रोजच्या शंभर कॅलरी कमी कराव्यात, उतरत असेल तर तेवढ्याच वाढवाव्यात.

आणखी एक निवड उरते: रोज सारखे खायचे की व्यायामाच्या दिवशी जास्त? आठवड्याचा व्यायाम ठरलेला असेल तर रोज सारखे खाणे सोपे आणि पुरेसे आहे, कारण वहीतून काढलेल्या आकड्यात व्यायामाचा खर्च आधीच धरला गेलेला असतो. मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी त्यावर पुन्हा खाल्ल्या, तर एकच खर्च दोनदा मांडला जातो. शिवाय त्या आकड्यावर विसंबण्यासारखे फारसे नाही; स्टॅनफर्ड विद्यापीठाने 2017 मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली, तेव्हा ऊर्जाखर्चाच्या बाबतीत सर्वांत अचूक ठरलेले उपकरणही सरासरी 27 टक्क्यांनी चुकत होते. दोन-अडीच तासांची दौड किंवा सायकलफेरी असेल त्या दिवशी मात्र कर्बोदके वाढवावीत.

दुखापत किंवा प्रवासामुळे व्यायाम दोन आठवड्यांहून अधिक थांबला, तर तोच आकडा पुढे चालवता येत नाही. मोजून खाणाऱ्याने दीड-दोनशे कॅलरी लगेच कमी कराव्यात, आणि तेलातून किंवा कर्बोदकांतून कराव्यात, प्रथिनांतून नव्हे. न मोजता खाणाऱ्याने तेवढ्या काळापुरती वही पुन्हा उघडावी, कारण भूक व्यायामाइतक्या चटकन खाली येत नाही.