बुरशी काढून घेतली त्याला नऊ महिने झाले: काम चोख, चिकटपट्टीने घात

काल रात्री साडेअकराला एसी आपोआप बंद पडला. ह्यूस्टनच्या जूनमध्ये एसी बंद पडल्यावर घरात जो आरडाओरडा व्हायचा तो झाला. टॉर्च घेऊन ॲटिकमध्ये चढलो, तर युनिटखालच्या पॅनमध्ये बोटभर पाणी आणि फ्लोट स्विच (पाणी चढलं की तरंगून एसी बंद करणारं बटण) वर आलेला. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. गेल्या सप्टेंबरमध्ये हा स्विच नव्हता. ड्रेन, म्हणजे एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी, तुंबली, पाणी पॅनवरून वाहून भिंतीत उतरलं, तिथे बुरशी धरली आणि ती काढण्यात माझे ४,१०० डॉलर गेले. विम्याने "हळूहळू झालेली गळती" म्हणून हात वर केले. तेव्हा रागात होतो म्हणून लिहिलं नाही. आता राग फक्त चिकटपट्टीचा उरलाय.

टेक्सासमध्ये बुरशी काढायच्या कामाला टीडीएलआरचं, म्हणजे राज्याच्या परवाना खात्याचं, लायसन्स लागतं, सलग २५ चौरस फुटांपेक्षा कमी बुरशी असेल तर सूट, हे इथल्यांना माहीत असेलच. पहिला माणूस फुकट तपासणीला आला आणि मोजून म्हणाला, २४ चौरस फूट. माझ्याकडे न बघता. लायसन्स शोधलं तर नव्हतंच. दुसऱ्या कंपनीकडे होतं, पण तपासणीही आम्हीच करू आणि सफाईही आम्हीच, असं त्यांचं म्हणणं. एकाच कामात हे दोन्ही करायला कायद्याने मनाई आहे. डॉक्टरचंच मेडिकल स्टोअर नको, असा तो हिशेब.

मग स्वतंत्र तपासनीस बोलावला. ४२५ डॉलर. ओलावा मोजायचं यंत्र भिंतीला टेकवायचे एवढे पैसे, म्हणून मी बायकोजवळ बराच कुरकुरलो. बेसबोर्ड (भिंतीच्या तळाची पट्टी) निघाल्यावर क्लोझेटपासून जिन्यापर्यंत ४० चौरस फूट काळंहिरवं निघालं, तेव्हा गप्प बसलो.

सांगलीहून बाबांचा फोन. "अरे, २०१९ च्या पुरात आपल्या भिंती छातीपर्यंत भिजल्या होत्या. चार महिने खिडक्या उघड्या टाकल्या, पोपडे खरवडले, रंग दिला. तुला एवढे पैसे कशाला लागतायत?" मी सांगितलं, ती भिंत विटांची होती. इथली ड्रायवॉल म्हणजे जिप्समला दोन्ही बाजूंनी कागद, आणि बुरशीला कागद आवडतो. ब्लीच मारलं तर वरचा डाग जातो, आतली तशीच राहते. शिवाय मेलेली बुरशीसुद्धा ॲलर्जी देते, त्यामुळे तेवढी भिंत कापूनच टाकावी लागते.

"म्हणजे कागदाचं घर घेतलंस होय!" बाबा म्हणाले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सफाईचे ३,३५० डॉलर. तीन दिवस काम चाललं. जाड प्लास्टिकचा पडदा, त्याला चेनचं दार, आणि हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचं) यंत्र आतली हवा सतत ओढून बाहेर टाकत होतं, म्हणजे बुरशीचे कण उरलेल्या घरात पसरू नयेत. कामाला आलेली पोरं नीट होती, बूट काढून वावरायची.

आता चिकटपट्टी. तो पडदा हॉलवेच्या भिंतीला ज्या लाल टेपने चिकटवला होता, ती काढताना रंग सोलून निघाला. छतापासून जमिनीपर्यंत, तीन इंच रुंद. म्हणे असं होतं कधीकधी. अहो, रंगावर चालणारी निळी टेप कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते! बिल्डरने वापरलेली शेड आता मिळत नाही. मी तीन नमुन्याचे डबे आणले, तिन्ही वाळल्यावर वेगळे दिसले. कंपनीने ५० डॉलर परत देऊ केले. मी तत्त्वाचा प्रश्न केला आणि नाकारले. घ्यायला हवे होते.

तपासनिसाबद्दल मात्र माझं मत साफ बदललं. काम झाल्यावर तोच पुन्हा येऊन पास-नापास ठरवतो, त्याचे वेगळे ३२५. ही तर लूटच, असं तेव्हा वाटलं. त्याने क्लोझेटच्या वरच्या फळीवरून बोट फिरवलं, धूळ दाखवली आणि काम नापास केलं. सफाईवाल्यांना परत यावं लागलं, तेही फुकट, कारण करारात तसं लिहून घेतलं होतं. तपासणारा त्यांचाच माणूस असता तर त्याचं बोट फळीपर्यंत पोचलं असतं का?

दुसऱ्या फेरीत पास झाल्यावर दहा दिवसांत राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र मिळालं. ते सांभाळून ठेवा. पाच वर्षांत घर विकलं तर खरेदीदाराला द्यावं लागतं.

मार्चमध्ये क्लोझेटला पुन्हा कुबट वास. सफाईवाल्यांना फोन करून मी इतका भांडलो की आवाज बसला. ते म्हणाले, पाणी पुन्हा आलं असेल तर ती आमची जबाबदारी नाही. मी प्रमाणपत्र नाचवलं. शेवटी वास निघाला माझ्याच क्रिकेटच्या किटमधून. ओले पॅड्स, दोन आठवडे. त्यांना परत फोन केला नाही.

आता बारा डॉलरचं आर्द्रतामापक हॉलवेत टांगलंय. ५० टक्क्यांच्या वर काटा गेला की मी उठतो. ड्रेनमध्ये महिन्याला कपभर व्हिनेगर ओततो. मे महिन्यात विसरलो, म्हणून कालचा प्रसंग.

ड्रेन साफ करायला आज माणूस येतोय, आठ ते बाराच्या मध्ये कधीतरी. खुर्ची टाकून हॉलवेत बसलोय. तो पट्टा इथून अगदी समोर दिसतो.