पाव अंशाचा पाऊस: आयएमडीचा ग्रिड डेटा काही महिने वापरल्यानंतर

भारतीय हवामान विभागाचा (आयएमडी) रोजच्या पावसाचा ग्रिड डेटा विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतो. १९०१ पासूनचा, दररोजचा, ०.२५ अंशांच्या जाळ्यावर, म्हणजे देशावर आखलेल्या पाव अंशाच्या प्रत्येक चौकोनाला (त्याच्या मधल्या बिंदूला) एक आकडा. महाराष्ट्रापुरता तो काही महिने सतत वापरल्यावर मत पक्कं झालंय: हंगाम, जिल्हा आणि उपविभाग यांच्या प्रश्नांना हा डेटा उत्तम आहे, एका गावातल्या एका दिवसाच्या पावसासाठी तो वापरू नये. यातला आकडा थेट पर्जन्यमापकातला नसतो, आजूबाजूच्या मापकांवरून गणिताने काढलेला असतो. पुढचं बहुतेक सगळं यातूनच येतं.

आधी फाइलबद्दल. एका वर्षाची एक बायनरी फाइल, आकडे ३२ बिटांचे. अक्षांश ६.५ ते ३८.५ म्हणजे १२९ ओळी, रेखांश ६६.५ ते १०० म्हणजे १३५ स्तंभ. साध्या वर्षाची फाइल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची हवी, लीप वर्षाची त्याहून ६९,६६० ने मोठी. डाउनलोड मधेच तुटलं की आकार जुळत नाही, तेव्हा वाचण्याआधी तो तपासावा. पहिली ओळ दक्षिणेची असते, म्हणून चित्र थेट काढलं तर देश उलटा दिसतो. पायथनची आयएमडीलिब लायब्ररी ही कटकट वाचवते आणि डेटा एक्सअ‍ॅरेमध्ये (बहुमितीय तक्ते हाताळणारी पायथनची लायब्ररी) देते.

मेमरीचा हिशेब आधीच करा. शंभराहून जास्त वर्षं एकत्र उघडली की तीन जीबीच्या आसपास जातात, आणि ६४ बिटांत बदलली की दुप्पट. ८ जीबीचा लॅपटॉप तिथेच अडतो. प्रत्येक वर्ष उघडताच १५.५ ते २२.२५ उत्तर, ७२.५ ते ८१ पूर्व एवढा तुकडा कापून ठेवला की १७,४१५ बिंदूंचे ९८० होतात आणि सगळा इतिहास २०० एमबीच्या आत मावतो.

नसलेला आकडा उणे ९९९ असा लिहिलेला असतो. तो रिकामा करून घेतला तरी काम संपत नाही. एक्सअ‍ॅरे रिकाम्या जागांची बेरीज शून्य देतं, त्यामुळे अरबी समुद्रावर ‘शून्य पाऊस’ उमटतो आणि कोकणची सरासरी गुपचूप खाली येते. जून ते सप्टेंबरची बेरीज करताना किमान १२२ वैध दिवसांची अट घालावी.

आता मुख्य मुद्दा. हे जाळं ६,९५५ केंद्रांच्या नोंदींवरून विणायला सुरुवात झाली, पण ती सगळी केंद्रं कुठल्याच एका दिवशी चालू नव्हती. जवळच्या केंद्राला जास्त वजन, लांबच्याला कमी, या पद्धतीने चौकोनाचा आकडा निघतो. आपल्याकडे एक चौकोन साधारण ७३० चौरस किलोमीटरचा. १८.० उत्तर, ७३.७५ पूर्व या बिंदूच्या चौकोनात महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही येतात, आणि पाचगणीचा वर्षाचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर म्हणूनच या डेटाला कडा नाही, उतार आहे.

मुंबईचं उदाहरण याहून बोलकं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला ७३ मिमी. दोन्ही केंद्रं १९.० उत्तर, ७२.७५ पूर्व या एकाच बिंदूच्या चौकोनात बसतात. एका आकड्यात हे दोन्ही सांगता येणार नाही. शिवाय तो पाऊस २७ जुलैच्या रकान्यात शोधावा लागतो, कारण दिवसाचा पाऊस म्हणजे त्या तारखेच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा. नदीच्या पाणीपातळीशी किंवा उपग्रहाच्या मध्यरात्र ते मध्यरात्र आकड्यांशी जोडताना एक दिवसाची ही सरक विसरली, तर सहसंबंध घसरतो आणि कारण सापडत नाही.

पसरवलेल्या पावसाचा दुसरा परिणाम मराठवाड्यात त्रास देतो. एका केंद्रावर सर पडली की शेजारच्या कोरड्या चौकोनांतही दोन-चार मिमी उमटतात. विभागाच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिमी म्हणजे पावसाळी दिवस, म्हणून पावसाळी दिवस वाढतात आणि सलग उघडीप तुटते. सोयाबीनच्या शेंगा भरताना किती दिवस खंड पडला हे बघायचं असेल, तर महसूल मंडळाच्या मापकाचीच नोंद घ्या.

हा डेटा खरा खुलतो तो एसपीआय काढताना, म्हणजे प्रमाणित पर्जन्य निर्देशांक. टक्केवारीत २० टक्के तूट कोकणात आणि बीडमध्ये सारखीच दिसते. पण बीडचा पाऊस मुळातच जास्त हेलकावतो, तिथे अशी तूट वारंवार येते. कोकणात ती क्वचितची. एसपीआय तूट त्या-त्या ठिकाणच्या चढउताराच्या मापाने मोजतो, म्हणून दोन जागांची तुलना करता येते. उणे १ च्या खाली मध्यम दुष्काळ, उणे १.५ च्या खाली तीव्र, उणे २ आणि त्याखाली अतितीव्र. लातूरकडे २०१४ आणि २०१५ असे दोन पावसाळे लागोपाठ गेले. अशी साचलेली तूट पाहायची तर २४ महिन्यांचा एसपीआय काढावा. ३ महिन्यांचा पिकासाठी ठीक, धरणासाठी अपुरा.

काढताना तीन गोष्टी सांभाळा. गॅमा वितरण (पावसाच्या आकड्यांवर बसवायचा संभाव्यतेचा वक्र) प्रत्येक कॅलेंडर महिन्याला वेगळं बसवा, निदान ३० वर्षांवर. सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत स्थान-प्राचल (वक्र कुठून सुरू होतो तो आकडा) शून्यावर बांधा. मोकळं सोडलं तर काही चौकोनांत भलतीच उत्तरं येतात. शून्य पावसाच्या वर्षांचा वाटा आधी वेगळा काढून नंतर संभाव्यतेत मिळवा. एवढं करूनही जानेवारी ते एप्रिलचा एक महिन्याचा एसपीआय आपल्याकडे वापरू नये: बहुतेक वर्षं शून्याची, आणि पाच मिमी पडले तरी ‘अतिओलं’ असा निकाल.

पाऊस वर्षानुवर्षं वाढतोय की घटतोय हा कल शोधताना जास्त सावध राहावं लागतं. राज्यात सुमारे ४२० चौकोन येतात. कल खरा की योगायोग हे तपासणारी मान-केंडॉल चाचणी प्रत्येकावर ५ टक्के पातळीवर (शंभरात पाच खोटे निकाल चालवून घेत) लावली, तर कुठलाच बदल झालेला नसतानाही सरासरी २१ चौकोन ‘लक्षणीय’ निघतील. शेजारचे चौकोन तीच केंद्रं वाटून घेतात, म्हणून ते २१ विखुरलेले न दिसता पट्ट्यात दिसतात आणि नकाशा फार पटतो. अनेक चाचण्यांतले खोटे निकाल आवरणारी बेंजामिनी-हॉकबर्गची दुरुस्ती केल्याशिवाय असा नकाशा कुणाला दाखवू नये. एका वर्षाच्या पावसाचा पुढच्या वर्षाशी संबंध आहे का तेही तपासावं. वाढ किती ते सेनच्या उतारावरून (वर्षांच्या जोड्यांमधल्या बदलदरांचा मध्यक) सांगा, नुसत्या पी-मूल्यावरून (निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) नाही.

अतिवृष्टीचा कल तर आणखी नाजूक. केंद्रं वाढली की चौकोनाचा कमाल आकडा पाऊस न बदलताही बदलू शकतो. एखाद्या चौकोनात उडी दिसली, तर आधी त्या सुमारास जवळचं केंद्र सुरू किंवा बंद झालं का ते बघा. वर्षातल्या कमाल पावसावर जीईव्ही (टोकाच्या आकड्यांचं वितरण) बसवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सायपायमधल्या आकार-प्राचलाचं (वक्राची शेपटी किती लांब ते ठरवणारा आकडा) चिन्ह अनेक पुस्तकांतल्या आणि सॉफ्टवेअरमधल्या सूत्राच्या उलट असतं. ते तसंच पुढे नेलं, तर शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसाचा अंदाज पार बदलतो, आणि पुलाच्या मोरीचा आकार त्यावर ठरतो.

तासाभराच्या ढगफुटीसाठी ०.१ अंशाचा, दर अर्ध्या तासाचा आयमर्ग (नासाचा उपग्रहांवर आधारलेला पावसाचा डेटा) घ्यावा, मात्र तो १९९८ पासूनचाच आहे आणि घाटावर त्याला मापकाची जोड लागतेच.