साखरेच्या विटांचे घर

अलाँ उगेत्तो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘नो डॉग्ज ऑर इटालियन्स अलाउड’ (२०२२) या सत्तर मिनिटांच्या स्टॉप मोशन (बाहुल्या थोड्या थोड्या हलवून एकेक चौकट टिपत घडवलेल्या) चित्रपटात ब्रोकोलीचे तुरे झाडे म्हणून उभे राहतात, भोपळ्यांची घरे होतात आणि साखरेचे चौकोनी खडे विटांसारखे एकावर एक रचले जातात. सुरुवातीला हा केवळ कल्पकतेचा खेळ वाटतो. पण दिग्दर्शक आपल्या आजोबांच्या गावी, इटलीतील पिएमोंतेच्या डोंगरातल्या उगेत्तेरा येथे गेला, तेव्हा त्या पिढीचे तेथे जवळपास काहीच उरलेले नव्हते, हे समजल्यावर या वस्तूंकडे पाहण्याची नजरच बदलते. ज्यांच्यामागे ना दप्तर राहिले ना वाडे, त्यांचा इतिहास माती, कोळसा आणि चेस्टनट यांतूनच उभा करावा लागतो.

कथा दिग्दर्शकाचे आजोबा लुईजी आणि आजी चेझीरा यांची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डोंगरातली तुटपुंजी शेती घरातल्या सगळ्यांची पोटे भरू शकत नव्हती, म्हणून पुरुष आल्प्स ओलांडून मजुरीला जात. १८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोकांनी इटली सोडली. त्या प्रचंड आकड्यातले एक कुटुंब इथे आपल्यासमोर जेवते, भांडते, लग्न करते आणि आपली माणसे पुरते. १९११ चे लिबियातील युद्ध, पहिले महायुद्ध, त्यापाठोपाठ आलेला साथीचा ताप आणि मग फॅसिस्टांची सत्ता, यांतले प्रत्येक संकट या घरातून काही ना काही घेऊन जाते. अखेर कुटुंब फ्रान्समध्ये स्थिरावते.

या चित्रपटाचा प्राण मात्र घटनाक्रमात नाही, तो एका हातात आहे. चौकटीत वारंवार दिग्दर्शकाचा स्वतःचा, खऱ्या आकाराचा हात येतो. त्याच्यासमोर आजीची लहानशी बाहुली बसलेली असते आणि नातू तिला प्रश्न विचारतो. आरियान आस्कारीद यांच्या आवाजातली चेझीरा उत्तरे देते ती कुठलाही आव न आणता, घरातले काम करता करता एखादी वडीलधारी बाई जुने सांगत बसावी तशी. हाताने काम करण्याची कला आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आपल्याकडे आली, असे दिग्दर्शक मानतो. त्यामुळे तो हात बाहुलीजवळ जातो, तेव्हा पडद्यावर नुसते तंत्र दिसत नाही, वारसा दिसतो. ज्या आजोबांना त्याने कधी पाहिलेच नाही, त्यांना तो स्वतःच्या बोटांनी घडवतो आहे, ही जाणीव मला शेवटपर्यंत सोडून गेली नाही.

चित्रपटाचे नाव ज्या पाटीवरून आले आहे, तो प्रसंग फार संयमाने हाताळला आहे. कुत्र्यांना आणि इटालियनांना मज्जाव असल्याची पाटी समोर दिसते आणि मुले तिचा अर्थ विचारतात, तेव्हा बाप त्या शब्दांचा त्यांना बोचणार नाही असा वेगळाच अर्थ सांगतो. अपमान स्वतः गिळून मुलांपर्यंत पोहोचू न देण्याची ही धडपड कोणत्याही भाषणापेक्षा खोल जाते. १८९३ साली दक्षिण फ्रान्समधील एग-मोर्त येथील मिठागरांत इटालियन मजुरांची हत्या झाली होती. तो द्वेष किती जुना होता हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या बापाच्या उत्तराचे मोल अधिक कळेल.

उणीव सांगायची तर मधल्या भागाची घाई सांगावी लागेल. तीन दशकांची युद्धे आणि स्थलांतरे सत्तर मिनिटांत बसवताना एकेका मृत्यूला क्षणभराचीच जागा मिळते आणि लुईजीच्या भावांची तर पुरती ओळख होण्याआधीच आपण त्यांना गमावतो. त्या काळी मृत्यू असाच अचानक येत असे, असे समर्थन करता येईल; तरीही आणखी दहा मिनिटे मिळाली असती तर ही माणसे मनात पक्की बसली असती. निकोला पिओव्हानी यांचे संगीत ही पोकळी पुष्कळशी भरून काढते, कारण त्यातली उमेद दुःखाच्या प्रसंगीही विझत नाही.

फ्रान्समधील आनसी या ॲनिमेशनपटांच्या महोत्सवातील परीक्षक मंडळाचा पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटासाठीचा युरोपियन चित्रपट पुरस्कार, असे दोन्ही सन्मान २०२२ मध्ये या चित्रपटाला मिळाले आणि ते योग्यच होते. बाहुल्या आहेत म्हणून अगदी लहान मुलांना समोर बसवू नये; यात युद्ध आणि मरण लपवलेले नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी मात्र आजी-आजोबांच्या शेजारी बसून तो जरूर पाहावा, आणि शक्यतो मूळ फ्रेंच-इटालियन आवाजात, उपशीर्षकांसह पाहावा. चेझीराच्या बोलण्यातले थांबे दुसऱ्या भाषेतल्या आवाजात तसेच उतरतील असे मला वाटत नाही.