ड्रोन रोबोटिक्स: पेनचा कोर्स की ब्राऊनचा?

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं मला हमखास विचारतात की ड्रोन रोबोटिक्स शिकायचं तर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा (म्हणजे 'पेन'चा) कोर्स करू की ब्राऊन विद्यापीठाचा? मी पेनचा कोर्स केला आणि ब्राऊनच्या साहित्यावरून मित्रांबरोबर ड्रोनही बांधला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा 'एरियल रोबोटिक्स' कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आहे, ४ आठवड्यांचा. शिकवतात प्रा. विजय कुमार, आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी. ड्रोनला सहा तऱ्हांनी हलता येतं, पण ताब्यात मोटरी चारच. त्यामुळे पुढे जायचं तर त्याला आधी पुढे कलावं लागतं. ही गोष्ट इथे गणितातून इतकी स्वच्छ उलगडते की पुन्हा पुस्तक उघडावं लागत नाही. गृहपाठ मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये: आधी फक्त वर-खाली, मग एका प्रतलात, मग तिन्ही मितींत. सगळं सिम्युलेटरमध्ये, त्यामुळे काही मोडत नाही आणि खर्चही बेताचा.

ब्राऊन विद्यापीठातल्या प्रा. स्टेफनी टेलेक्स यांच्या कोर्समध्ये मुलं ड्रोन पहिल्या वायरीपासून स्वतः बांधतात. या 'पायड्रोन'वरचा शोधनिबंध २०१८ च्या आयरॉस या रोबोटिक्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आला. मेंदू रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाचा, भाषा पायथन, कॅमेरा खाली जमिनीकडे रोखलेला. उंची राखण्याचा पीआयडी कंट्रोलर (हवी ती स्थिती आणि खरी स्थिती यातला फरक पाहून मोटरींचा जोर कमी-जास्त करणारा प्रोग्राम) लिहायचा, पुढे काल्मन फिल्टर (सेन्सरच्या चुकतमाकत येणाऱ्या मापांवरून खऱ्या स्थितीचा अंदाज बांधणारं गणित), मग नकाशा बनवत स्वतःची जागा ओळखणं. आणि हे सगळं ड्रोनवरच चालतं. साहित्य नेटवर खुलं आहे.

आमची एक मोटर उलटी फिरत होती. तिच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा बदलते, हे कळायला आमची अख्खी संध्याकाळ गेली. नंतर ड्रोन हवेत थांबला, पण सारखा भिंतीकडे सरकायचा. पीआयडीचे आकडे बदलून थकलो. दोष आकड्यांत नव्हताच. खोलीतली फरशी चकचकीत, एकरंगी. कॅमेऱ्याला हालचाल मोजायला एकही खूण दिसत नव्हती. फुलाफुलांची चादर अंथरली आणि ड्रोन जागेवर थांबला. हे सिम्युलेटर शिकवत नाही, आणि माझ्या मते रोबोटिक्स शिकायचं ते यासाठीच.

म्हणून एकच करायचा असेल तर ब्राऊनचा. मात्र सोबत दोन-तीन जण हवेत आणि पूर्ण सेमिस्टरची तयारी हवी. हातात महिनाच असेल, किंवा पुढे कंट्रोल थिअरीत एमएस करायचं असेल, तर पेनचा घ्या. दोन्ही जमणार असतील तर पेनचे दुसरा आणि तिसरा आठवडा आधी उरका. पीआयडी लिहिताना अंधारात चाचपडावं लागणार नाही.

सामान घेताना एक लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच नव्हे, तर जोडणीचं पूर्ण किटही परदेशातून मागवायला आपल्याकडे बंदी आहे. सुट्या भागांना नाही. ड्रोन नियम २०२१ नुसार २ किलोपर्यंतचा ड्रोन बिगरव्यावसायिक कामासाठी उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. तरी सुरुवातीचे महिने बंद खोलीतच उडवा, आणि टेबलावर मोटर तपासताना पंखे काढून ठेवा. ते बोट कापतात.