महिला मंडळाची भाकर : सोळा खुर्च्यांची खानावळ

अहिल्यानगरच्या तारकपूर बसस्थानकापासून पायी पंधरा मिनिटांवर, एका चर्चच्या आवारात, तेथील महिला मंडळ दुपारची खानावळ चालवते. कामानिमित्त त्या बाजूला जाणे होत असल्याने गेल्या चार महिन्यांत मी तेथे सात-आठ वेळा जेवलो आहे. थाळी साठ रुपयांना मिळते. तीत ज्वारीच्या दोन भाकरी, एक भाजी किंवा पिठले, ठेचा, कांदा आणि थोडा भात असतो. ज्याच्यापाशी साठ रुपये नसतील त्याने जमेल तेवढे डब्यात टाकावे, आणि डब्यात कोणी काय टाकले याकडे तेथे कोणी पाहत नाही.

भाकरीविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण तिच्यासाठीच लोक तेथे जातात. पीठ गरम पाण्यात मळलेले असते, भाकर परातीत हातावर थापतात, लोखंडी तव्यावर पाणी फिरवून उलटतात आणि शेवटी आचेवर टम्म फुगवतात. पापुद्रा सुटलेली ती भाकर ताटात पडते तेव्हा बोटांना चटका बसतो. पिठले मात्र रोज सारखे नसते. कधी दाट, कधी पळीवाढे, आणि एकदा तर मीठच राहून गेले होते.

या खानावळीला भांडवल असे नव्हतेच. अकरा बायकांनी दर रविवारी उपासनेला येताना घरच्या डब्यातून थोडे पीठ बाजूला काढून आणायचे ठरवले, दोन पातेली आणि एक जुनी शेगडी मंडळीतून, म्हणजे चर्चच्या सभासदांकडून, मिळाली, आणि काम सुरू झाले. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या बायका १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ देवासाठी वेगळा काढत आल्या आहेत आणि त्या मुठींवर तेथील चर्चचे कितीतरी काम उभे राहिले आहे, हे वाचले होते. नगरच्या या बायकांनी त्यांचे नावही ऐकलेले नव्हते. त्यांच्यासमोर बायबलमधली सारफथ गावची विधवा होती, जिच्यापाशी मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडेसे तेल एवढेच उरले होते, तरी तिने त्यातूनच एलीया संदेष्ट्याला भाकर करून दिली.

येशूने पाच हजारांना जेवू घातल्याचा प्रसंग त्याच्या पुनरुत्थानाखेरीज चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या त्याच्या चरित्रांत, नोंदलेला एकमेव चमत्कार आहे, पण भाकरी जवाच्या होत्या आणि त्या एका मुलाच्या होत्या, हे फक्त योहानाचे शुभवर्तमान सांगते. जव हे तिकडचे गरिबाचे धान्य होते. येशूचा शिष्य फिलिप्प याने दोनशे दिनारांचा, म्हणजे मजुराच्या दोनशे दिवसांच्या मजुरीचा, हिशेब मांडला आणि तरी पुरणार नाही असे सांगितले. आपण प्रवचनांत भाकरी वाढल्या यावरच थांबतो. पण ज्याने त्या वाढवल्या त्यानेच उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही फुकट जाऊ नये म्हणून, आणि बारा टोपल्या भरल्या. या खानावळीने नेमका तोच भाग उचलला आहे. उरलेली भाकर दुसऱ्या दिवशी सकाळी कुस्करून फोडणीला टाकतात आणि नाक्यावरच्या मजुरांना पंधरा रुपयांत देतात. मला ती ताज्या भाकरीपेक्षाही आवडली.

एकदा मी बसलो असतानाच गॅस संपला. भाकरी थापणारी एक ताई सहज म्हणाली, “प्रभू पुरवील.” त्यावर गल्ल्यावरच्या मावशी वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, “प्रभूने पैसे पुरवले होते गं, नंबर आपण लावला नाही.” त्या दिवशी आम्हांला अर्धा तास थांबावे लागले, पण खानावळीवरचा माझा विश्वास त्या वाक्याने वाढला. तेथील जमाखर्चाची वही खिळ्याला टांगलेली असते, कोणीही उघडून पाहू शकते, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती मंडळीसमोर वाचली जाते.

पंडिता रमाबाईंची रीत याहून वेगळी नव्हती. अमेरिकेतील मंडळाने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन १८९८ मध्ये संपणार हे ठाऊक असतानाही त्यांनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगावला (दौंड तालुक्यातल्या, आमच्या नगरच्या नव्हे) त्यांची सोय केली. प्रार्थनेबरोबर तेथे शेती होती, विणकाम होते, छापखानाही होता.

उणिवा सांगितल्याच पाहिजेत. खुर्च्या सोळाच असल्याने साडेबारानंतर रांग लागते आणि दीडनंतर बहुधा भाजी संपलेली असते. हात धुण्यासाठी एकच नळ आहे. जेवण चालू असताना भिंतीवरच्या स्पीकरवर गीते फार मोठ्याने लागतात. आवाज कमी करा असे सांगितले तर करतात, पण दर वेळी सांगावे लागते. वाढप मात्र आग्रहाचे आहे, आणि डब्यात दहा रुपये टाकणाऱ्यालाही तिसरी भाकर विचारली जाते.

खानावळ सोमवार ते शुक्रवार अकरा ते दोन चालू असते. भाकरी बांधून हव्या असतील तर आदल्या दिवशी सांगावे आणि फडके घरून न्यावे; पिशवी तेथे मिळत नाही.