थ्रॉटल बॉडी साफ केल्यावर वाढलेले आयडलिंग आणि स्वस्त ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर

ईएलएम ३२७ या नावाने ऑनलाइन दुकानांत आणि स्पेअर पार्ट्सच्या बाजारात मिळणारा काडेपेटीएवढा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोषनोंदी आणि आकडे वाचणारे उपकरण) साधारणपणे पाचशे ते हजार रुपयांत येतो. त्याच्या जाहिरातीत मात्र गाडीचा कोणताही दोष ओळखण्याची आणि दूर करण्याची हमी दिलेली असते. हा दावा एवढा व्यापक आहे की तो सरसकट तपासण्यात अर्थ नाही. म्हणून मी हे उपकरण एकाच कामावर तपासले आहे: थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारा भाग, साफ करून घेतल्यानंतर पेट्रोल गाडीचे आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनचे फिरणे, बिघडले, तर त्याचे कारण शोधण्यात या स्कॅनरची नेमकी किती मदत होते. गाडी निसान मायक्रा, तीन सिलिंडरचे १,१९८ सीसी पेट्रोल इंजिन. या गाडीचे भारतातील उत्पादन २०२० मध्ये थांबले. त्यामुळे ती आता बहुतेक वेळा सर्व कंपन्यांच्या गाड्या हाताळणाऱ्या गॅरेजमध्येच जाते, आणि या गाडीची खोड माहीत असलेला कारागीर तेथे भेटेलच असे नाही.

गॅरेजने काम स्वच्छ केले होते. बटरफ्लायच्या, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चकतीच्या, कडेला साचलेला काळा चिकट थर पूर्ण निघाला होता आणि मागील बाजूही पुसलेली होती. पण गरम झालेले इंजिन, जे आधी मिनिटाला सातशे फेऱ्यांच्या (आरपीएम) आसपास फिरत असे, ते आता बाराशेच्या खाली उतरेना. सिग्नलवर क्लच दाबला की रेस क्षणभर आणखी वर जाई. यावर मिळालेले उत्तर ठरावीक होते: थोडी चालवा, आपोआप सेट होईल. काही गाड्यांत ते खरेही ठरते, आणि म्हणूनच हे उत्तर इतके टिकून आहे.

असे का होते हे आधी समजून घेतले पाहिजे, नाही तर स्कॅनरवरचे आकडे निरर्थक वाटतात. आयडलिंगला बटरफ्लाय जवळजवळ बंद असते आणि इंजिनला लागणारी थोडीशी हवा तिच्या कडेच्या बारीक फटीतून जाते. क्रँककेसमधून (इंजिनच्या तळाच्या कोठ्यातून) परत येणाऱ्या तेलाच्या वाफेमुळे त्या फटीत थर साचत जातो, हवा कमी पडू लागते, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाडीत ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ती तूट भरून काढण्यासाठी बटरफ्लाय हळूहळू थोडी अधिक उघडी ठेवायला शिकतो. हे शिकलेले माप त्याच्या स्मृतीत राहते. थर अचानक निघून गेला, तरी ईसीयू त्याच जुन्या मापाने बटरफ्लाय उघडतो आणि हवा गरजेपेक्षा जास्त जाते. म्हणजे दोष सफाईत नसतो; सफाईनंतर ईसीयूला नवी स्थिती शिकवण्याचे काम अर्धवट राहिलेले असते. केबलवर चालणाऱ्या जुन्या थ्रॉटलमध्ये हीच भूमिका आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह बजावतो. तेथे तो व्हॉल्व्ह आणि त्याची वाट साफ झाली आहे का हे पाहावे लागते, आणि बटरफ्लायच्या स्टॉप स्क्रूला हात लावणे हा उपाय नव्हे.

परंतु वाढलेल्या आयडलिंगचे दुसरेही कारण असू शकते आणि ते अधिक गंभीर असते. थ्रॉटल बॉडी खोलून परत बसवताना गॅस्केट दुमडले, एखादा व्हॅक्यूम होस जोडायचा राहिला किंवा क्लॅम्प सैल राहिला, तर हवा चोरवाटेने आत शिरते आणि लक्षण अगदी तेच दिसते. या दोन शक्यतांमध्ये निवाडा करणे हेच खरे काम आहे, आणि माझ्या मते स्कॅनरची किंमत वसूल होते ती येथेच.

डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये स्कॅनर बसवायचा, इग्निशन ऑन करायचे, फोनशी जोडणी करायची आणि विचारल्यास १२३४ किंवा ०००० हा पिन द्यायचा, एवढेच जोडणीचे काम आहे. अँड्रॉइड फोनवर ती विनातक्रार होते. आयफोन असणाऱ्यांनी मात्र जुन्या पद्धतीचा ब्लूटूथ स्कॅनर घेऊ नये, तो जोडलाच जात नाही. त्यांनी वायफायवर किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारा प्रकार विचारून घ्यावा. ॲपसाठी वेगळा खर्च करण्याची गरज नाही, कारण टॉर्क किंवा कार स्कॅनर यांच्या मोफत आवृत्तीत या कामाला लागणारे सगळे आकडे दिसतात. एकाच वेळी दहाबारा आकडे पडद्यावर मांडण्याचा मोह मात्र टाळावा. स्वस्त स्कॅनर एका सेकंदाला मोजकीच उत्तरे आणू शकतो, त्यामुळे रेस वरखाली होत असेल तर गर्दीच्या पडद्यावर ती चढउतार दिसतच नाही. इंजिनचे आरपीएम, कूलंटचे तापमान, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, एवढे पुरते.

तापमानाकडे प्रथम पाहावे, कारण थंड इंजिनाची रेस जास्त असणे स्वाभाविक आहे आणि ऐंशी अंशांच्या पुढे गेल्याशिवाय आयडलिंगबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नये. त्यानंतर ट्रिम. ट्रिम म्हणजे ठरलेल्या हिशोबापेक्षा ईसीयू किती टक्के पेट्रोल अधिक किंवा उणे देत आहे त्याचा आकडा. दोन्ही ट्रिमची बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर सहसा काळजीचे कारण नसते. हवेचे प्रमाण एमएएफ सेन्सरने मोजणाऱ्या गाडीत चोरवाटेची हवा मोजलीच जात नाही, मिश्रण विरळ होते आणि आयडलिंगला ट्रिम अधिक पंधरा, वीस टक्के किंवा त्याहूनही वर जातो. इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरले की तोच आकडा पुष्कळ खाली येतो, कारण एकूण हवेच्या मानाने गळतीची हवा तेथे नगण्य ठरते. ही जोडी दिसली की गळती शोधावी. माझ्या गाडीत आरपीएम बाराशेच्या घरात असूनही ट्रिमची बेरीज दोन्ही वेगांवर अधिक तीन ते चार टक्क्यांच्या पुढे गेली नाही. म्हणजे जास्तीची हवा राजमार्गानेच येत होती आणि तिचा हिशोबही ठेवला जात होता. एमएपी सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब मोजून चालणाऱ्या गाड्यांत मात्र हा कस इतका विश्वसनीय नाही, कारण गळतीची हवाही त्या दाबात धरली जाते. तेथे आकडा चांगला दिसला तरी होस आणि क्लॅम्प हाताने तपासावेच लागतात. मी तेही केले, कारण त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

थ्रॉटल पोझिशनचा आकडा नवख्याला हमखास फसवतो. पाय ॲक्सिलरेटरच्या पेडलवर नसतानाही तो शून्य न दाखवता बारा ते सतरा टक्के दाखवू शकतो, कारण तो सेन्सरच्या पूर्ण व्होल्टेजच्या प्रमाणात मोजलेला असतो. एवढ्यावरून बटरफ्लाय अडकली आहे असे ठरवून ती पुन्हा खोलू नये, आणि इग्निशन ऑन असताना बोटाने ढकलून पाहणे तर पूर्णच टाळावे. मोटरचे गिअर प्लॅस्टिकचे असू शकतात.

एररचे वाचन स्कॅनर चोख करतो. अपेक्षेप्रमाणे पी ०५०७ हा कोड मिळाला. निसानमध्ये आयडलिंग ठरलेल्या वेगापेक्षा २०० आरपीएम किंवा त्याहून अधिक राहिले की तो नोंदवला जातो, आणि ते १०० आरपीएमने कमी पडले तर पी ०५०६. येथे एक सूचना करावीशी वाटते. ॲपमधले कोड पुसण्याचे बटण दाबण्यापूर्वी फ्रीझ फ्रेमचे, म्हणजे कोड नोंदवताना ईसीयूने साठवलेल्या आकड्यांचे, छायाचित्र घ्यावे, कारण कोड पुसला की त्या क्षणाची नोंदही जाते, साठलेले ट्रिम शून्यावर येतात आणि गळतीचा पुरावा काही काळासाठी नाहीसा होतो. आणि कोड पुसल्याने बटरफ्लायचे शिकलेले माप पुसले जाते, हा समज निसानच्या बाबतीत चुकीचा आहे. बॅटरीची तार काढून ठेवण्याच्या सर्वश्रुत उपायावरही येथे भरवसा ठेवता येत नाही.

येथेच या उपकरणाची मर्यादा येते. निसानचे ‘आयडल एअर व्हॉल्यूम लर्निंग’, म्हणजे आयडलिंगच्या हवेचे माप ईसीयूला नव्याने शिकवण्याची प्रक्रिया, सुरू करण्याची आज्ञा हा स्कॅनर देऊ शकत नाही. ती कंपनीच्या कन्सल्ट यंत्राने किंवा लाँच, ऑटेल यांच्यासारख्या कित्येक हजारांच्या स्कॅनरने देता येते. तरीही मायक्राच्या मालकाचे अडत नाही, कारण निसानने तीच प्रक्रिया पेडल आणि घड्याळाच्या साहाय्यानेही करता येईल अशी ठेवली आहे. प्रथम पेडलला हात न लावता इग्निशन ऑन करून बंद करायचे आणि दहा सेकंद थांबायचे. बटरफ्लाय हलल्याचा बारीक आवाज या अवधीत ऐकू येतो. मग इंजिन नेहमीच्या तापमानावर आणून बंद करायचे आणि पुन्हा इग्निशन ऑन करून तीन सेकंद थांबायचे. त्यानंतर पाच सेकंदांत पाच वेळा पेडल पूर्ण दाबून सोडायचे, सात सेकंद थांबायचे आणि मग पेडल पूर्ण दाबून सुमारे वीस सेकंद धरायचे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकणे थांबवून स्थिर पेटला की तीन सेकंदांच्या आत पेडल सोडून इंजिन सुरू करायचे. वेळेत थोडा फरक पडला तरी प्रक्रिया सुरू होत नाही, म्हणून शेजारी घड्याळ घेऊन कोणी बसलेले बरे.

या प्रक्रियेच्या पूर्वअटी पाहण्यासाठी स्कॅनर पुन्हा उपयोगी पडतो. कूलंट सत्तर ते शंभर अंशांच्या दरम्यान हवे, आयडलिंगला व्होल्टेज १२.९ पेक्षा जास्त हवे, एसी, हेडलाइट आणि मागील काचेचा डिफॉगर बंद हवा, स्टिअरिंग सरळ हवे. तापमान स्कॅनर बिनचूक दाखवतो. व्होल्टेजच्या बाबतीत मात्र ॲपमध्ये दोन आकडे असू शकतात, एक ईसीयूने कळवलेला आणि दुसरा स्कॅनरने स्वतः मोजलेला. दुसरा माझ्याकडे मल्टिमीटरपेक्षा लक्षणीय कमी निघाला. अट १२.९ ची असताना हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही, तेव्हा ईसीयूचाच आकडा धरावा.

लर्निंग झाल्यावर रेस काही सेकंदांतच सातशेच्या जवळ स्थिर झाली, एसी लावल्यावर थोडी चढून तेथेच थांबली, आणि कोड परत आला नाही. या यशाचे श्रेय स्कॅनरला नाही, पण गळती नाही हे आधी ठरले नसते तर लर्निंगवर घालवलेला वेळ आंधळेपणाचा ठरला असता, कारण गळती असलेल्या इंजिनावर ही प्रक्रिया पूर्णच होत नाही किंवा झाली तरी टिकत नाही.

खोक्यावर ‘व्ही १.५’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले दिसते. मूळ ईएलएम ३२७ चिप बनवणाऱ्या आणि २०२२ मध्ये बंद झालेल्या कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सने ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती, म्हणजे आपण नक्कल घेत आहोत हे गृहीत धरावे. या कामापुरती ती चालते. भारतात ओबीडी-२, म्हणजे हा स्कॅनर ज्या प्रमाणित प्रणालीशी बोलतो ती, एप्रिल २०१३ पासून आली, त्यामुळे त्याआधीच्या गाडीसाठी घेणाऱ्याने आपल्या गाडीशी जोडणी होत नसल्यास परत करता येईल अशाच दुकानातून घ्यावा. सॉकेटच्या सोळाव्या पिनला बॅटरीचा प्रवाह कायम मिळत असल्यामुळे गाडी उभी करताना स्कॅनर काढून ठेवावा, किंवा थोडे अधिक पैसे देऊन बंद-चालू करण्याचे बटण असलेला प्रकार निवडावा.