आययूसीएनच्या रेड लिस्टचे संकेतस्थळ: एक पाणवनस्पती आणि एक गोगलगाय

इंदूरचा सिरपूर तलाव २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झाला. त्या निमित्ताने आमच्या भागातील मराठी मुलांसाठी संकटग्रस्त जीवांचा तक्ता तयार करताना मी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या रेड लिस्टचे, म्हणजे कोणत्या प्रजातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे हे नोंदवणाऱ्या यादीचे, संकेतस्थळ बारकाईने वापरले. १९६४ पासून चालत आलेल्या या यादीत आज दीड लाखाहून अधिक प्रजाती आहेत आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते.

पारख करण्यासाठी मी दोन पाने शेजारी शेजारी उघडली. अल्ड्रोव्हांडा व्हेसिक्युलोसा ही पाण्यावर तरंगणारी, मुळे नसलेली कीटकभक्षी वनस्पती युरोप, आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया अशा चार खंडांत आढळते, तरीही तिची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे, कारण तिला लागणारे नितळ, कमी पोषकद्रव्यांचे पाणी ठिकठिकाणी सांडपाण्याने आणि खतांनी गढूळ होत गेले. दुसरीकडे, पार्तुला तोहिवेआना ही गोगलगाय प्रशांत महासागरातील एकट्या मूरिया बेटावरची. शेतीची नासाडी करणाऱ्या आफ्रिकन गोगलगायींना आवर घालण्यासाठी तिथे १९७०च्या दशकात शिकारी गोगलगाय सोडण्यात आली आणि तिने स्थानिक पार्तुलांचाच फडशा पाडला. प्राणिसंग्रहालयांत जपलेली पिल्ले बेटावर पुन्हा सोडल्यानंतर तिथेच जन्मलेल्या प्रौढ गोगलगायी सापडल्या, म्हणून २०२४ मध्ये तिची श्रेणी ‘निसर्गातून नामशेष’वरून ‘अतिसंकटग्रस्त’वर आली. ‘अतिसंकटग्रस्त’ हा शब्द इथे सुवार्ता आहे, हे पान पूर्ण वाचल्याशिवाय उमगत नाही.

म्हणूनच मला या सेवेची खरी किंमत श्रेणी दाखवणाऱ्या रंगीत चिन्हापेक्षा त्याखालच्या निकषांत वाटते. घटीची कारणे थांबलेली नसतील आणि दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा त्यात संख्या किमान ५० टक्क्यांनी घटली असेल, तर प्रजाती ‘संकटग्रस्त’ ठरते. वनस्पती असो वा गोगलगाय, मोजपट्टी तीच, आणि तुलना करता येते ती त्यामुळेच.

उणिवा मात्र आहेत. संकेतस्थळ मराठीत नाही, त्यामुळे श्रेणींची नावे मला स्वतः बसवावी लागली. मृदुकाय (गोगलगायी, शिंपल्यांसारख्या) प्राण्यांपैकी बहुसंख्य प्रजातींचे मूल्यमापनही अजून झालेले नाही, तेव्हा पावसाळ्यात कुंपणावर दिसणाऱ्या गोगलगायीचे पान सापडले नाही तर मुलांना ‘ती सुरक्षित आहे’ असे सांगू नये. शिक्षकांनी मूल्यमापनाचे वर्ष तपासून, कारणांसह माहिती तक्त्यावर लिहावी. एवढी काळजी घेतली तर याहून भरवशाचा मोफत आधार मला तरी मिळालेला नाही.